टाटा करणारी मुलगी

"थांब. जरा मागे घे," ट्रिक्सी म्हणाली.

ओवेनने फीत मागे घेतली. बरबँकच्या स्टुडिओतल्या त्या खिडकी नसलेल्या खोलीत ट्रिक्सीचे आईबाबा, रस्टी आणि कोरिन हॅल्डेन, पुन्हा पडद्यावर आले. तो मखमली कोटात, ती टिकल्यांच्या झग्यात. सत्तरच्या दशकात दर शुक्रवारी अर्धी अमेरिका टीव्हीवर यांची भांडणं ऐकत जेवायची. शेवटचं गाणं संपलं, तीन वर्षांची एक मुलगी धावत आली, रस्टीने तिला उचललं आणि तिने देशाला टाटा केला.

डाव्या हाताने.

"आता याच्या आधीचा भाग लाव."

आधीच्या भागात उजव्या हाताने.

"चित्र उलटं झालं असेल," ओवेन म्हणाला. जुन्या फिती धुऊनपुसून नव्या करणं हा त्याचा धंदा होता, आणि वेफर्स खाणं हा छंद. मग तोच पुढे वाकला. "नाही, मागच्या पाटीवरची अक्षरं सरळ आहेत." त्याने दोन्ही चेहरे शेजारी शेजारी लावले. "मॅडम, या एकीच्या दातांत फट आहे. या दोघी आहेत. जुळ्या."

ट्रिक्सी उठली, बसली, परत उठली.

"तुम्ही यातल्या कुठल्या?" ओवेनने विचारलं.

"मला काय विचारतोस? मी तीन वर्षांची होते."

गेली कित्येक वर्षं ती हॉटेलांच्या हॉलमध्ये, चाहत्यांच्या मेळाव्यांत टेबल मांडून बसत असे. टक्कल पडलेले चाहते त्या टाटा करणाऱ्या मुलीचे फोटो आणत, ही सह्या करी आणि सांगे: ते गरम दिवे, पाठीवर बाबांचा हात, समोरच्या अंधारातल्या टाळ्या. उद्या याच इमारतीत कॅमेऱ्यासमोर तिला तेच सांगायचं होतं. कार्यक्रम नव्याने प्रसिद्ध होणार होता आणि त्यात 'ट्रिक्सीच्या आठवणी' हे खास आकर्षण होतं.

पण आता तिला उद्याचं काही सुचेना. आपल्या आयुष्यात कोणीतरी कमी आहे असं तिला लहानपणापासून वाटे. तिच्या तिन्ही मानसोपचारतज्ज्ञांनाही ते पटलं होतं. फक्त कोण, हे कोणालाच सापडलं नव्हतं.

आईला गाठायला पाम स्प्रिंग्जला जाताना तिने गाडीत रेडिओ लावला, बंद केला, परत लावला. दर सिग्नलला बहिणीला नवं नाव ठेवलं. वाळवंट सुरू होईपर्यंत ती बहीण आधी मेली होती, मग पळवली गेली होती, आणि शेवटी कुठल्याशा शेतावर भोपळे पिकवत सुखात होती.

कोरिन निवृत्तांच्या वसाहतीत पोहण्याच्या तलावाकाठी छत्रीखाली एकटीच पत्ते लावत बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, खोट्या पापण्या मात्र जुन्याच मापाच्या.

"कोरिन, मला बहीण होती?" ट्रिक्सीने उभ्यानेच विचारलं. आईला ती नावानेच हाक मारी. 'आई' म्हटलं की वय दिसतं, असं कोरिनने तिला पहिल्यापासून शिकवलं होतं.

"आधी बस. घाम पूस. इथे लोक अजून मला ओळखतात."

"मी फिती पाहिल्या. दोघी आहेत. एक डावखुरी."

"डावखुरी ती शेरिल," कोरिन म्हणाली आणि राणीवर गुलाम ठेवला. "गुणी पोर. दुसरी जरा रडकी होती. तिचं नाव काही आठवत नाही बघ."

"शेरिल." ट्रिक्सीने ते नाव तोंडात घोळवून पाहिलं. "कुठे असते? जिवंत आहे?"

"नसायला काय झालं? फ्रेस्नोला घरं विकते. दोनदा घटस्फोट झालाय, पण नाताळला न चुकता फोन करते. तुझ्यासारखं नाही."

"आणि तू तिला देऊन टाकलंस."

"मी कशाला देऊ? रेकॉर्डिंग झालं की तिची आई न्यायला यायची." कोरिनने पहिल्यांदा मान वर केली. "असं काय बघतेस? एवढ्या लहान मुलाला दिव्यांखाली जास्त वेळ ठेवायला कायद्याने बंदी. म्हणून सगळे जुळीच भाड्याने घ्यायचे. एक किरकिरायला लागली की दुसरी पुढे करायची. अगं, या धंद्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल तुला हे."

ट्रिक्सी खुर्चीत बसली. बहीण आली तशी गेली होती, आणि जाताना बरंच काही घेऊन गेली होती.

"म्हणजे त्यातली मी कोणीच नाही."

"नाही."

"पण मला ते दिवे आठवतात. बाबांचा हात आठवतो."

"आठवणारच. रस्टी रोज जेवणानंतर तुला ते भाग दाखवायचा. देव त्याचं भलं करो, फार चिकाटीचा माणूस. तुला सगळं पाठ होईपर्यंत त्याने सोडलं नाही."

तलावात कोणीतरी उडी मारली. कोरिनने पत्त्यांवरचं पाणी रुमालाने टिपलं.

"ठीक आहे," ट्रिक्सी म्हणाली. तिचा पाय टेबलाखाली हलत होता, थांबत नव्हता. "उद्या मी खरं तेच सांगते. त्या दोघी स्टेजवर होत्या तेव्हा मी घरी होते. घरी कोणाजवळ ठेवायचात मला?"

"घरी कोण असणार? तेव्हा आम्हाला मूलबाळ नव्हतंच. प्रेक्षकांचे आकडे घसरले म्हणून कार्यक्रमाच्या लेखकांनी मुलगी लिहून दिली होती. 'इतके दिवस तुमच्यापासून लपवून ठेवली होती' म्हणून आणली स्टेजवर. लोकांना फार आवडली." कोरिनने पत्ते गोळा केले आणि पिसायला घेतले. "मग आमच्या घटस्फोटाची बातमी फुटली. पेपरवाले दारात, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, ट्रिक्सी कोणाकडे राहणार? वकील म्हणाला, न्यायाधीश मुलीला बघायला मागतील. म्हणून आधी घाईघाईने एक ट्रिक्सी आणावी लागली."