वरणाची पहिली वाटी

आमची नात शीतल हिंगोलीला होस्टेलवर गेल्यापासून लईच आगाऊ झाली. मेसच्या पातेल्यात उरलेला वरणभात पोरी वीटभट्टीवरच्या उपाशी लेकरांना नेऊन देतात, त्याला माझी ना न्हाई. पण उन्हाळ्यात वरण लवकर आंबतं, म्हणून ही आधी सोता वाटीभर खाऊन तासभर बसते. पोट दुखलं न्हाई, तरच डबे निघतात.

"मागल्या हप्त्यात मला सलाईन लागलं आजी, पण लेकरं वाचली ना!" पोरगी हसून सांगून राहिली. मी तिचा कानच धरला.


"गप, शहाणे! माझी सत्तरी उलटली. उद्यापासून मी आपल्या गावाहून, गोरेगावहून रोज जीपनं येते. पहिली वाटी माझी, तू घड्याळ बघत बस."