टेकूवरची वैनगंगा

"साहेब, हे काही उडणार नाही," लोखंडी टेकूंवर उभ्या विमानाकडे बघत मुख्य मेकॅनिक घरत म्हणाले.

बुडीत विमान कंपनी सावरायला नेमलेले सल्लागार वैतागले. "असं कसं? शुक्रवारी नवे गुंतवणूकदार येतायत. तिन्ही विमानं उडताना दिसायला हवीत!"

"याचं एक इंजिन पहिल्या विमानाला बसवलंय, दुसरं दुसऱ्याला. चाकंही त्यांनाच दिली. पाच महिने झाले, नवी चाकं मागतोय. कागद पुढे सरकतच नाही."

"मग याचं स्वतःचं उरलंय तरी काय?"

घरतांनी विमानाच्या नाकावरून हात फिरवला. तिथे निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वैनगंगा'. विमान आलं त्या दिवशी नारळ त्यांनीच फोडला होता.

"नाव उरलंय, साहेब."

सल्लागारांचा चेहरा एकदम खुलला. "अहो, मग अडलंय कुठं? आमच्या अहवालात पहिला उपाय नावाचाच आहे. ते बदलायचं!"

पाच महिने मागितलेली चाकं त्या दिवशीही आली नाहीत. रंगाचे डबे मात्र दुपारच्या जेवणाआधीच येऊन पोचले.