मृगातल्या ढगाची मागची बाजू

"तुझ्या हाताने नको, रूपाली," लॅपटॉपवरून तिचे वरिष्ठ किशन सर म्हणाले. "तू बनवलंयस, त्यामुळे कुठे जायचं नाही ते तुला ठाऊक आहे. ज्याने हे कधी हाताळलं नाही असा माणूस बसव. घरात कोण आहे?"

रूपालीने मागे वळून पाहिलं. वडगावातल्या त्या घरात पुढच्या खोलीत यंत्रमाग खडखडत होता आणि त्यावर तिचे आप्पा, मष्णू, उभे होते. शेजारी आई, चंपाबाई, कांड्या भरत बसली होती.

अवकाशात फिरवून आणणाऱ्या एका सॉफ्टवेअरसाठी रूपाली सात महिने एकच तेजोमेघ घडवत होती. मृग नक्षत्रात तीन ताऱ्यांच्या रांगेखाली नुसत्या डोळ्यांना जो धूसर ठिपका दिसतो, तो. त्याचं चित्र नको होतं, खोली असलेला ढग हवा होता. लाखो बारीक घनांचा. प्रत्येक घनात वायू किती, धूळ किती, उजेड किती अडतो, हे ठरवलेलं. पाहणाऱ्याचं यान त्यातून आरपार जायला हवं. यापूर्वी दोनदा यान वळताना ढग फाटला होता आणि पडद्यावर काळे चौकोन आले होते. आज तिसरी खेप. आजही फाटला, तर बेंगळुरूचं ऑफिस कुठलंसं तयार सपाट चित्र लावून मोकळं होणार होतं.

"आप्पा, माग बंद करून जरा येता काय?"

माग थांबला. मष्णू धोतराला हात पुसत आला. काय करायचं ते ऐकल्यावर दोन पावलं मागे सरला.

"मी? आणि माझ्या हातनं मोडलं तर?"

"मोडायचं असलं तर आजच मोडू दे, आप्पा. बसा."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. माऊस त्याने दोन बोटांनी धरला. पुढं ढकललं की पुढं, वळवलं की वळतं, एवढंच तिने सांगितलं.

"समोर चार तारे आहेत ना, त्यांच्याकडे चला," किशन सर म्हणाले. ते मूळचे खानापूरचे, त्यामुळे मराठीत बोलण्याची अडचण नव्हती.

मष्णू हळूहळू निघाला. तांबूस धुकं दोन्ही अंगांनी मागे सरू लागलं. मग ते एकदम उघडलं.

"आत पोकळ हाय की गं!"

"व्हय. त्या ताऱ्यांनीच पोखरलंय."

"लांबनं भरल्यावानी दिसत हुतं." तो पुढे वाकला. खुर्चीवर आता नीट बसला होता. ताऱ्यांजवळून एक वळसा घेतला, आणि मग त्याने यान सरळ उलट्या दिशेला, ढगाच्या काळ्या भिंतीकडे वळवलं.

"अहो, तिकडे नाही," किशन सर म्हणाले. "वाट इकडून आहे."

"आप्पा, कुठं निघालाय?"

"मागची बाजू बघतो."

चाळीस वर्षं कापड हातात आलं की तो आधी उलटं करून बघत आला होता. यात विचारण्यासारखं काय आहे, हे त्याला कळेना.

रूपालीने खुर्चीची पाठ धरली. ती बाजू पृथ्वीवरून आजवर कुणालाच दिसलेली नाही. सगळ्या दुर्बिणी एकाच अंगाने बघतात. तपासणीच्या यादीतही ती बाजू नव्हती. तरी तिने शास्त्रज्ञांची मापं जमवली होती, जमेल तेवढं गणित केलं होतं, आणि गणित संपलं तिथे फाईलमध्ये स्वच्छ लिहून ठेवलं होतं: इथून पुढे अनुमान. सातांतले दोन महिने त्यात गेले होते. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

पडदा काळा झाला.

"फाटलं?" किशन सरांनी विचारलं.

मष्णूचा हात थांबला. "रूपा, माझ्याकडनं कायतरी झालं गं."

"काय झालं न्हाय. धूळ हाय ती. चालत ऱ्हावा."

मष्णूने पुन्हा माऊस ढकलला. काळ्याचं तपकिरी झालं. त्यात मिणमिणते, अजून पुरते न पेटलेले तारे आले आणि गेले. मग धूळ विरळ झाली आणि समोर स्वच्छ आकाश उघडलं. तिथे जाऊन त्याने यान फिरवलं नि मागे पाहिलं. अंधारा, अजस्र ढग सबंध उभा होता. त्याच्या कडेने उजेडाची एक बारीक रेघ. कुठे चौकोन नाही, कुठे भोक नाही.

"हे कधी केलंस?" किशन सरांनी विचारलं.

"जून-जुलैमध्ये."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही, सर. पण मागची बाजू असतेच की."

किशन सर हसले. "हाच ढग जाणार. अनुमानाची खूण तशीच राहू दे, ती झाकू नकोस. आणि खाली नाव पूर्ण घाल, गावासकट."

रूपालीने मान हलवली. सर गेले तरी मष्णू पडद्याकडेच बघत होता.

"हे समदं तू केलंस?"

"व्हय, आप्पा."

तो उठला. मागाकडे जाईल असं तिला वाटलं, पण तो चंपाबाईपुढे जाऊन उभा राहिला. "ऊठ. चल तिकडं."

"मला काय कळतंय त्यातलं? हाताला सूत हाय."

"ऱ्हाऊ दे सूत."

त्याने तिला खुर्चीत बसवलं, तिचा हात माऊसवर ठेवला आणि स्वतः मागे उभा राहिला.

"सरळ जा. मधी लई अंधार लागंल, भिऊ नको," तो म्हणाला. "आपल्या पोरीनं केलाय त्यो."