मिस्त्रींचा उद्या

सरकारी जंगल तोडायला आलेल्या ठेकेदाराच्या तिन्ही मशीनच्या करवती बिघडल्या आणि गावातल्या एकुलत्या एक मिस्त्रींकडे दुरुस्तीला आल्या. मिस्त्री रोज सांगायचे, "उद्या या, नक्की देतो!" असे वायदे करता करता महिना उलटला आणि तेवढ्यात जंगल बचाव समितीने कोर्टातून तोडीला स्थगिती आणली.

मिस्त्रींच्या सत्काराच्या दिवशी समितीच्या अध्यक्षबाई माईकवर म्हणाल्या, "मिस्त्रींनी ठेकेदाराला महिनाभर झुलवलं, म्हणून आपलं जंगल उभं आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आपण असं काही मुद्दाम केल्याचं मिस्त्रींना आठवेना, पण छाती आपसूक फुगली.

पुष्पगुच्छ हातात देताना बाई हळूच त्यांच्या कानाशी म्हणाल्या,



"आणि चार महिने माझा मिक्सर ठेवून घेतलाय, तो कुठलं जंगल वाचवायला?"