शंभर धरलेलं वर्ष

स्वयंपाकघरातल्या फ्रिजवरचं मॅग्नेट खट्टकन फरशीवर पडलं. मॅग्नेटखालचा कागदही तरंगत खाली आला. धाकट्या तनिषच्या मार्कांचा आलेख, आईने, मुग्धाने, हौसेने हिरव्या पेनाने काढलेला.

आठ वर्षांच्या रिद्धीने तो उचलला, जागच्या जागी लावला आणि परत आईसमोर येऊन बसली.

टेबलावर रिद्धीचा गणिताचा पेपर होता. पन्नासपैकी नऊ. त्याआधी एकवीस, त्याआधी छत्तीस. पुन्हा असं झालं तर खालच्या तुकडीत बसवावं लागेल, असं टीचरनी लाल शाईत लिहिलं होतं. पहिलीपासून ही पोरगी अठ्ठेचाळीसच्या खाली उतरली नव्हती.

"रिद्धू, फळ्यावरचं दिसत नाही का गं? बसमध्ये कुणी काही बोलतं?"

रिद्धीने नाही म्हणून मान हलवली. गेल्या वर्षी तनिषची दोन ऑपरेशनं झाली, तेव्हाही सुरुवात अशीच झाली होती. परीक्षेत भोपळा आणला होता त्याने. आता तो चाळिसावर आला, तर त्यांच्या बाबाने, कुशलने, अख्ख्या मजल्यावर जिलबी वाटली. त्याच दिवशी रिद्धीने पन्नासपैकी पन्नास आणले होते. "तुझं काय बाई, तुझं नेहमीचंच," मुग्धा म्हणाली होती. लाडानेच म्हणाली होती.

फोन वाजला. ऑफिसचे विजयकुमार सर. सुट्टीच्या दिवशीही त्यांना दम नव्हता. मुग्धाने फोन स्पीकरवर टाकला आणि लॅपटॉप पुढे ओढला.

पडद्यावर दोन रेघा होत्या. दोन देश, इतके चिमुकले की नकाशात त्यांची नावं समुद्रात लिहावी लागतात. वीस वर्षांत कुणाच्या कारखान्यांनी किती माल काढला, याची तुलना. ती बघून क्लायंट एका देशातला कारखाना वाढवणार होता आणि दुसऱ्यातल्याला टाळं लावणार होता.

"मुग्धा, बेस इयर बदला. वादळाचं वर्ष घ्या. तेच शंभर धरा."

"सर, त्या वर्षी पहिल्या देशात सगळं आडवं झालं होतं. तिथून मोजलं तर तो डोंगर चढल्यासारखा दिसेल. दुसरा आजही त्याच्यापेक्षा जास्त माल काढतो, पण सपाट दिसेल बिचारा."

"दिसू दे ना! क्लायंटला चढती रेघ आवडते. ज्याचं रोजचंच बरं चाललंय त्याच्याकडे कोण बघतं, मॅडम? यल्ला, चला लवकर, तासाभरात पाठवा."

मुग्धाने वर्ष बदललं. एक रेघ उसळली, दुसरी झोपली. रिद्धी मान लांब करून बघत होती. ती नेहमीच बघायची. बेस इयर म्हणजे ज्याला शंभर धरून पुढची वाढ मोजायची ते वर्ष, हे मुग्धानेच तिला मांडीवर बसवून शिकवलं होतं. पोरीला पटकन समजलं म्हणून तिची पापीही घेतली होती.

मेल गेला. आता पेपरवर सही तेवढी राहिली. मुग्धाने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि पेन हातातच राहिलं. प्रत्येक चुकीच्या उत्तराखाली खोडरबराचे फराटे होते. फराट्यांखाली आधीचं उत्तर अजून दिसत होतं. बरोबर उत्तर. पहिल्या गणितापासून शेवटच्यापर्यंत.

"रिद्धू... हे तू मुद्दाम केलंस?"

"बेस इयर बनवतेय, आई." तिच्या आवाजात ना रडू होतं, ना राग. तिने फ्रिजवरच्या हिरव्या रेघेकडे पाहिलं आणि गृहपाठातली शंका विचारावी तसं विचारलं,

"तनिषचा झिरो होता. मला पण झिरोच लागेल, की नऊ चालतील?"