दोन बोटं

पालथ्या निजलेल्या फोनवालीच्या पाठीवर गरम पाण्याची पिशवी ठेवून मालिशवाल्या मावशीने मधला पडदा ओढला, तोच दारात एक गृहस्थ येऊन उभा राहिला. उजवा खांदा धरलाय, दोन महिने झाले, हात वर जात नाही, असं त्याने सांगितलं. आवाज इतका मऊ की मावशीला पुन्हा विचारावं लागलं, आणि दुसऱ्यांदा त्याने जरा मोठ्याने सांगितलं.

मावशीचा अंगठा ही काही साधी चीज नव्हती. एकदा रागाच्या भरात तिने तो ओट्यावर टेकवला तर फरशीला खळगा पडला. अजून त्यात मीठ ठेवतात. पाठीवर फिरवला की माणूस कुठल्या खुर्चीत बसतो, कुठल्या कुशीवर झोपतो, सगळं त्या अंगठ्याला कळायचं. पडद्यामागची पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा तिचा डावा खांदा कानाला जाऊन चिकटला होता. चौकशीच्या खिडकीवर कामाला आहे एवढं ऐकलं आणि मावशीने निकाल दिला: फोन खांद्यात दाबून बोलतेस. पोरगी घाईघाईने हो म्हणाली, आणि तिचं नाव फोनवाली पडलं. दोन महिन्यांत तो खांदा दोन बोटं खाली आला, आणि मावशीने ही गोष्ट गल्लीत इतक्यांदा सांगितली की शेवटी शेवटी दोन बोटांची वीत झाली होती.

गृहस्थ पालथा झाला. खाटेला तोंडासाठी भोक होतं, त्यात त्याने तोंड घातलं. आता त्याला फक्त जमीन दिसत होती. काय काम करता, म्हणून मावशीने विचारलं. घड्याळं दुरुस्त करतो, म्हणाला. तिने तेल चोळलं आणि अंगठा खांद्याच्या फऱ्याखाली घातला.

अंगठा बुचकळ्यात पडला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मान ताठलेली असते; ही तर लोण्यासारखी. आणि खांद्यातली गाठ होती ती हात वर नेऊन जोराने खाली आणणाऱ्याची, लाकूडतोड्याची नाहीतर लोहाराची. मावशीला कोड्यांची भारी हौस. तिने सगळा भार टाकून दाबलं. गाठ आतल्या आत किंचित सरकली.

“हां, तिथंच,” तो भोकातून म्हणाला. “सोडवा लवकर, मावशी. या हातावाचून घरात आमचं कोणी ऐकेनासं झालंय.” आणि हसला.

मावशीही सवयीने हसली. मग तिची नजर पडद्याच्या फटीत गेली. फोनवालीच्या पायाची बोटं चादरीत रुतली होती. पिशवी घसरून बाजूला पडली होती, आणि पाठ जराही वरखाली होत नव्हती.

दोन महिने. त्याचा हात दोन महिने अडकलेला, हिचा खांदा दोन महिने उतरतोय. मावशीच्या अंगठ्याने त्यात काडीचंही काही केलं नव्हतं.

फोनवालीच्या चपला पडद्याच्या अलीकडेच काढलेल्या होत्या, गृहस्थाच्या तोंडाखालच्या जमिनीपासून हातभर लांब. निळा पट्टा, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे टाके. तो डोळे मिटून होता की उघडे ठेवून, कोण जाणे. बाजू बदलायच्या निमित्ताने मावशीने आपली पावलं त्यांत सरकवली. तिची पावलं म्हणजे होड्या. निम्म्या टाचा बाहेर राहिल्या.

भोकातून तोच मऊ आवाज आला.

“मावशी, चपला लहान होतात तुम्हाला.”

“भिजून आटल्या,” मावशी म्हणाली. अख्ख्या गल्लीला तीस वर्षं थापांवर जगवलेल्या बाईला नेमकी तेव्हा याहून बरी सुचली नाही.

गाठीवरून तिने अंगठा काढला. काढला म्हणजे ओढून काढला. तो आपला पुन्हा पुन्हा तिथेच जायचा, जन्माची खोड ती. तिने त्याला बोटभर बाजूला नेलं, जिथे नुसतं हाड होतं, आणि अर्धा तास ते हाड रगडलं. गृहस्थ कण्हत होता, पण समाधानाने. दुखतंय म्हणजे गुण येतोय, हे मावशीनेच सगळ्यांना पढवलेलं. तिचे कान मात्र पडद्याकडे होते. एक शिंक, खाटेची एक कुरकुर, नाहीतर पोरीच्या पर्समध्ये वाजलेला फोन. बिंग फुटायला एवढं पुरे होतं.

शेवटी तो उठला. सदरा चढवला. दुखणं जुनं आहे, वर्षही लागेल, कदाचित हात असाच राहील, असं मावशीने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग भिंतीशी उभा राहून तो उजवा हात वर न्यायला लागला. हात खांद्याच्या रेषेत आला. थांबला. आणि आणखी थोडा वर गेला.

“दोन बोटं,” तो हाताकडे कौतुकाने बघत म्हणाला. “पहिल्याच दाबाला सुटलं होतं, मला कळलं. लोक म्हणतात ते खोटं नाही, मावशी. पुढच्या गुरुवारी येतो, याच वेळेला.”

दारात तो जरासा थांबला, तिच्या पायांकडे एकदा पाहिलं, आणि गेला.

जिन्यावरची पावलं विरेपर्यंत मावशी हलली नाही. मग तिने चपला काढल्या आणि पडदा सारला. फोनवाली उठून बसली होती. डावा खांदा कानापाशी होता, दोन महिन्यांपूर्वी जिथून निघाला होता तिथेच. मावशीने सवयीने त्यावर अंगठा ठेवायला हात उचलला, आणि पोरीने आपला हात तोंडासमोर आडवा धरला.