साडूंची महागडी लेन्स

मोतीबिंदू काढल्यावर मी एका डोळ्यात साधी लेन्स बसवून घेतली. साडूंनी महागडी घेतली, जवळचं, मधलं, लांबचं सगळंच दाखवणारी. तेव्हापासून मी चष्मा शोधत फिरतो आणि साडू आमच्याकडे येऊन औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं घडाघडा वाचतात. "भावोजींची नजर बघा!" असं बायको म्हणते, तेही माझ्याकडे न बघता.

हल्ली आमच्या पॅसेजमधून जाताना साडू मध्येच अंग चोरून भिंतीला टेकतात. कोणाला तरी वाट देतात.

"कोण आहे तिथे?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही दिसायचे ते. तुमची साधी ना!"

बायको घाबरली. माझा मात्र जळफळाट झाला. घर आमचं, त्यात जे काही असेल तेही आमचं, आणि दर्शन साडूंना!

मी हट्टाने दुसऱ्या डोळ्यात त्यांच्यासारखीच लेन्स बसवली. पट्टी निघाल्यावर थेट पॅसेज गाठला. भिंतीवरची केसाएवढी चीर दिसली, बाकी कोणी नाही. साडूंना बोलावून घेतलं.

"कुठायत? दाखवा बरं!"

त्यांनी पॅसेजमध्ये पाहिलं, मग वाकून माझ्या नव्या डोळ्यात पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, ते तर आत बसलेत. माझ्याकडे बघतायत."

इतक्या दिवसांनी मला बरं वाटलं. मी ऐटीत बायकोकडे नजर वळवली.

एकच डोळा वळला. दुसरा साडूंकडेच बघत राहिला.